इमाम, पास्टर आणि वाटाघाटींचं टेबल

दंगल उसळली की धर्माचं नाव पहिलं निघतं. ती शमवायची वेळ आली की मात्र धर्म मानणाऱ्यांना कुणी विचारत नाही. या उपेक्षेला अभ्यासकांनीही बराच काळ हातभार लावला. डग्लस जॉन्स्टन आणि सिंथिया सॅम्पसन यांनी संपादित केलेला धर्म आणि राजनीतीवरचा ग्रंथ १९९४ साली आला, तेव्हापासून या विषयाकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं. तरी काही समजुती अजून घट्ट आहेत.

गैरसमज : समेट घडवायचा तर आपली श्रद्धा बाजूला ठेवावी लागते.

उत्तर नायजेरियातल्या कडुना शहराचा अनुभव याच्या उलट आहे. इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये हे एकेकाळी एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांचे म्होरके होते. १९९२ च्या हिंसाचारात वुये यांनी उजवा हात गमावला. अशाफांचे वृद्ध गुरू आणि नात्यातले दोन भाऊ मारले गेले. १९९५ मध्ये एका पत्रकाराने दोघांची गाठ घालून दिली, पण मनं लगेच जुळली नाहीत. एका खोलीत मुक्काम असताना अशाफांना उशीने गुदमरवून मारावं असं आपल्या मनात आलं होतं, हे वुये यांनी पुढे स्वतःच सांगितलं.

दोघांना बदललं ते त्यांच्याच धर्माने. ताइफ शहरातल्या लोकांनी दगड मारले तरी पैगंबरांनी त्यांना क्षमा केली, ही कथा अशाफांनी मशिदीतल्या प्रवचनात ऐकली आणि ती त्यांना झोंबली. मनात द्वेष ठेवून ख्रिस्ताचा संदेश सांगता येत नाही, हे वुये यांना एका ख्रिस्ती प्रचारकाने सुनावलं. दोघांपैकी कुणीही आपला धर्म सोडला नाही की पातळ केला नाही. माझ्या मते समेटाच्या कामात त्यांचं बळ इथेच आहे. हातात कोयता घेतलेला तरुण बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला दारातूनच परत पाठवेल. आपल्याच मशिदीतल्या, आपल्याच चर्चमधल्या माणसाचं निदान ऐकून तरी घेईल.

गैरसमज : धार्मिक मध्यस्थी म्हणजे प्रार्थना आणि उपदेश.

मोझांबिकमध्ये १९७७ पासून चाललेल्या यादवीत सुमारे दहा लाख माणसं गेली. सरकार आणि रेनामो बंडखोर यांची बोलणी जुलै १९९० मध्ये रोममधल्या सान्त एजिदियो या कॅथलिक समुदायाच्या वास्तूत सुरू झाली. मध्यस्थ चार : समुदायाचे आंद्रेआ रिकार्दी आणि मात्तेओ झुप्पी, बैराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्विस आणि इटली सरकारच्या वतीने मारियो राफाएल्ली. चर्चा झाली ती पक्षांची मान्यता, निवडणुकीचे नियम, दोन्ही फौजांचं विलीनीकरण, शस्त्रसंधी अशा रोखठोक मुद्द्यांवर. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करार झाला. तो टिकवायला संयुक्त राष्ट्रांची फौज लागली, परदेशी पैसा लागला आणि १९९४ च्या निवडणुका लागल्या. समुदायाकडे ना सैन्य होतं ना तिजोरी. वर्षानुवर्षं धान्य आणि औषधं पोचवून कमावलेला विश्वास मात्र होता, आणि दोन वर्षांहून जास्त काळ टेबल न सोडण्याची चिकाटी होती.

गैरसमज : एकदा दिलजमाई झाली की काम संपलं.

ऑगस्ट २००२ मध्ये कडुनातल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती धर्मगुरूंनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याच नोव्हेंबरात शहर पुन्हा पेटलं. २०११ च्या निवडणुकीनंतरही तिथे माणसं मारली गेली. जमिनीचा हक्क, सत्तेतला वाटा, ‘मूळचे’ आणि ‘उपरे’ हा भेद, ही भांडणं धर्मगुरूंच्या सहीने सुटत नाहीत. त्यासाठी सरकारलाच हलावं लागतं.

आपल्याकडे शांतता आणि संघर्ष शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे : कडुना आणि मोझांबिक विद्यार्थ्यांना शिकवा, आणि शिकवताना त्यांतलं अपयश वगळू नका.