रक्त तपासणारा हात कोणाचा?

परवा पैठणकडचे एक शेतकरी दवाखान्यात आले. मधुमेहाचे जुने रुग्ण. उपाशीपोटीची साखर ९६ आल्याचा रिपोर्ट पुढे ठेवून म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, आता गोळ्या बंद करू ना?’’ विचारपूस केली तेव्हा कळले, रक्त सकाळी गावात काढले, साध्या नळीत ठेवले आणि दुपारी शहरात पोहोचवले. दुसऱ्या दिवशी नीट तपासणी केली, तर साखर १४० निघाली!

असे का व्हावे? नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात, त्या साखर वापरत राहतात. दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर घटते. म्हणून साखरेसाठी फ्लोराइड घातलेली नळी वापरतात, ती बहुधा राखाडी टोपणाची असते. यंत्र कितीही महागडे असो, नमुनाच बिघडला तर ते काय करणार?

हे सारे तंत्रज्ञाच्या शिक्षणात येते. आपल्याकडे डीएमएलटी ही पदविका आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रमही आहे; त्यात तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम करावे लागते. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ म्हणवणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत परवाना लागतो. इतरत्र बरीच रुग्णालये प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच पसंती देतात. आपल्या देशात २०२१ साली केंद्राने कायदा करून प्रयोगशाळा तंत्रज्ञांसह अनेक आरोग्य व्यावसायिकांच्या शिक्षणाची व नोंदणीची तरतूद केली.

तंत्रज्ञ तपासणी करतो, पण रिपोर्टची जबाबदारी पॅथॉलॉजिस्टची असते. पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही रिपोर्टवर हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

तेव्हा वाचकहो, एवढे जरूर करा. रक्त देताना नळीवर आपले नाव तुमच्यासमोर लिहून घ्या. नमुना कोठे आणि किती वेळात तपासला जाईल ते विचारा. रिपोर्टखाली डॉक्टरांची सही, पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहा. विचारण्यात संकोच कसला? चांगल्या तंत्रज्ञाला अशा प्रश्नांचा राग येत नाही. आणि रिपोर्ट व प्रकृती यांचा मेळ बसत नसेल, तर औषध बंद करण्याआधी तपासणी पुन्हा करून घ्या.