श्रॅप्नेल : माणूस आणि शब्द

कोठे तोफांचा मारा झाला अथवा बाँब फुटला, की ‘श्रॅप्नेल लागून’ इतके जखमी झाले, असे वृत्त येते. फुटलेल्या गोळ्याचा धारदार तुकडा, हा ह्या शब्दाचा आज रूढ झालेला अर्थ. परंतु मुळात हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि त्या माणसाने जी वस्तू घडविली ती ह्या तुकड्यांहून अगदी निराळी होती.

हेन्री श्रॅप्नेल ह्याचा जन्म ३ जून १७६१ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ह्या गावी झाला. १७७९ साली तो ब्रिटिश तोफखान्यात अधिकारी झाला. काही वर्षे न्यूफाउंडलंडमध्ये काढून तो १७८४ साली परतला आणि पदरचे पैसे खर्चून त्याने प्रयोग आरंभिले.

त्याच्यापुढील प्रश्न साधा होता. चालून येणाऱ्या सैन्यावर त्या काळी तोफेतून छर्ऱ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा उडवीत. तोफेच्या तोंडाशीच डबा फुटे आणि छर्रे पंख्यासारखे पसरत. जवळच्या शत्रूची त्याने दाणादाण होई. मात्र तीनचारशे यार्डांपुढे छर्ऱ्यांचा जोर ओसरे. त्यापलीकडे भरीव गोळ्यावाचून फारसा उपाय नसे. हा डबाच दूर नेऊन फोडता आला तर?

श्रॅप्नेलने पातळ कवचाचा पोकळ गोळा घेतला. त्यात बंदुकीच्या गोळीएवढे शिशाचे छर्रे आणि थोडी दारू भरली, व अंतर पाहून कमीजास्त करता येईल अशी वात बसविली. गोळा शत्रूच्या किंचित अलीकडे, हवेतच फुटावा, अशी योजना होती. खरी मेख पुढेच आहे. दारूचे काम केवळ कवच उघडण्याचे; छर्ऱ्यांना मारक वेग मिळे तो धावत्या गोळ्याचाच. म्हणून दारू थोडी पुरे. वात मात्र अचूक हवी. क्षणभर चूक झाली तरी सारा मारा वाया जाई.

१७८७ साली जिब्राल्टर येथे त्याने हे प्रयोग वरिष्ठांना दाखविले. तरीही सैन्याने हा गोळा स्वीकारला तो १८०३ साली. पुढल्याच वर्षी सुरिनाममध्ये डचांविरुद्ध आणि १८०८ साली पोर्तुगालातील व्हिमेरोच्या लढाईत फ्रेंचांविरुद्ध त्याचा वापर झाला. तो दोषरहित नव्हता. छर्रे दारूवर घासून काही गोळे वेळेआधीच फुटत. हा दोष पुढे एडवर्ड बॉक्सर ह्याने दारू व छर्रे ह्यांमध्ये लोखंडी पडदा घालून दूर केला.

१८१४ साली श्रॅप्नेलला सालीना १२०० पौंडांचे वेतन मंजूर झाले. १८१९ साली तो मेजर जनरल झाला, १८२५ साली निवृत्त झाला आणि १८३७ साली त्यास लेफ्टनंट जनरलचा हुद्दा मिळाला. परंतु गोळ्यास त्याचे नाव सरकारी रीतीने नव्हते. १३ मार्च १८४२ रोजी तो निवर्तला, आणि कुटुंबीयांच्या खटपटीने १८५२ साली ते नाव अधिकृत झाले.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा हाच गोळा मैदानी तोफांचा मुख्य आधार होता. ब्रिटिशांच्या अठरापौंडी तोफेच्या एका गोळ्यात सुमारे पावणेचारशे छर्रे मावत. वरून कोसळणाऱ्या ह्या माऱ्यापासून डोकी वाचावीत, म्हणून १९१५ पासून सैनिकांच्या शिरावर पोलादी टोपी आली. खंदकांत दडलेल्या सैन्यापुढे व काटेरी तारांपुढे मात्र छर्रे अपुरे पडले. भारी स्फोटकांच्या गोळ्यांनी त्यांची जागा घेतली, आणि त्या गोळ्यांच्या कवचाच्या तुकड्यांनाच लोक श्रॅप्नेल म्हणू लागले.

अशा रीतीने त्याची वस्तू मागे पडली आणि नाव उरले. ते उरले, पण कोठे? लढणाऱ्यांना ओळखणाऱ्या, न लढणाऱ्यांना न वगळणाऱ्या जखमांच्या वर्णनात. आपल्या बुद्धीला चिरंतन नाव मिळावे, अशी इच्छा धरणाऱ्याने ते कशाला जोडले जाईल, ह्याचाही विचार करावा.