बाळंतिणीचा ताप अंगावर काढू नका

कर्जत-खालापूरच्या वस्त्यांतून फिरताना एक वाक्य आमच्या कानी हमखास येते, "दूध उतरतंय, म्हणून ताप आलाय." मग मेडिकलमधून गोळी येते, कुणी अंगारा लावते. दोन-तीन दिवस असेच जातात आणि तोवर आत पू होतो.

खालापूरकडच्या एका सुनेला आम्ही आठव्या दिवशी दवाखान्यात नेले. पोट फुगलेले, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, बोलणे भ्रमिष्ट. मोठ्या रुग्णालयात पोट उघडून पू काढला, शेवटी गर्भपिशवीही काढावी लागली. ती वाचली. सासू रडत म्हणाली, "ताई, दोन दिवस आधी आणलं असतं तर?"

त्याचे उत्तर सर्वांनाच ठाऊक हवे. बाळंतपणानंतर गर्भपिशवीत वारेची जागा ओल्या जखमेसारखी असते. अस्वच्छ हात, वारेचा राहिलेला तुकडा, सिझेरियनची जखम यांतून जंतू शिरतात. वेळेत शिरेतून अँटिबायोटिक मिळाले तर बहुतेक जणी औषधानेच बऱ्या होतात. वारेचा तुकडा राहिला असेल तर पिशवी साफ करतात. पू साचला तर तो बाहेर काढावाच लागतो, नुसत्या इंजेक्शनाने तो जात नाही. पोटात पसरला तर पोट उघडून धुवावे लागते. गर्भपिशवी काढणे हा अखेरचा उपाय, जीव वाचवण्यासाठीचा. तेव्हा सहीला घरच्यांनी वेळ लावू नये आणि नंतर त्या बाईला दोषही देऊ नये.

यात सटवीचा कोप नाही, विटाळ नाही. १८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईची विश्रांती हा देशाच्या हिताचा प्रश्न आहे, असे त्यांनी मांडले. मग आपल्याच घरात तिचा ताप किरकोळ कसा?

पहिले ४२ दिवस ही लक्षणे पाहा:

• ताप, थंडी वाजणे
• घाण वासाचा स्राव, जास्त रक्तस्राव
• ओटीपोटात वाढते दुखणे
• टाक्यांतून पू
• धाप, भ्रम, लघवी कमी होणे

यातले एकही दिसले तर त्याच दिवशी कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा चौकचे ग्रामीण रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला औषधे, रक्त, शस्त्रक्रिया आणि वाहन मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचे असते. आल्या नाहीत तर बोलावून घ्या.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की वस्तीतल्या गरोदर बहिणींची यादी करा. रात्री गाडी कोण काढणार, सोबत कोण जाणार, हे तिथेच ठरवा. भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले होते. आपल्याला तर वेळेवर गाडीच काढायची आहे.

जय भीम!