फेसाची बातमी होते, शिंपल्यांची नाही

बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘बेलंदूर तलावाचा फेस भर पावसातच रस्त्यावर का येतो? पावसाने डिटर्जंट विरळ व्हायला नको का?’ उत्तर त्यांच्या शेजारीच, भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे बेंगळुरूकरांच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शोधलं गेलं.

तिथल्या एच. एन. चाणक्य आणि लक्ष्मीनारायण राव यांच्या गटाने काही वर्षं या तलावाचा पिच्छा पुरवला. तलावात येणाऱ्या सांडपाण्याला तो ओलांडायला दहा-पंधरा दिवस लागतात. तेवढ्या काळात जिवाणूंनी डिटर्जंट फस्त करायला हवं. पण त्यासाठी लागणारा प्राणवायूच तिथे नाही. मग बरंचसं डिटर्जंट गाळाला चिकटून तळाशी साठतं. जोराचा पाऊस गाळ ढवळतो, साठा सुटतो आणि सांडव्यावरून कोसळताना पाणी घुसळून निघतं. ताक घुसळल्यावर लोणी वर यावं तसं डिटर्जंट फेसात गोळा होतं. गाळाचे कण आणि जिवाणू तो फेस टिकवून धरतात.

मला मात्र फेसापेक्षा शिंपल्यांची काळजी वाटते. आपल्या तळ्यांतले लॅमेलिडेन्स जातीचे शिंपले कल्ल्यांनी पाणी ओढून त्यातलं शेवाळ, जिवाणू गाळून खातात. मॉस्को विद्यापीठाच्या सर्गेई ओस्त्रोऊमोव यांनी समुद्री शिंपल्यांवर दाखवलं की, जीव जाणार नाही इतक्या कमी डिटर्जंटनेही हे गाळणं मंदावतं. हे काम हवं तेवढं गाजलं नाही. विषारीपणा मोजताना आपण बहुधा ‘किती मेले’ एवढंच विचारतो. जिवंत असून काम थांबवलेला शिंपला कुठल्याच तक्त्यात येत नाही. गंमत म्हणजे लॅमेलिडेन्सची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना, परांना चिकटून वाढतात. मासे गेले की शिंपल्यांची पुढची पिढीही गेली.

डिटर्जंटचा फटका समुद्रकिनाऱ्यालाही बसलेला आहे. १९६७ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलजवळ ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज फुटलं. किनाऱ्यावर आलेलं तेल धुवायला सुमारे १०,००० टन डिटर्जंट फवारलं गेलं. खडकांवरचे लिंपेट नावाचे शंखधारी जीव मेले आणि त्यांनी खाऊन आटोक्यात ठेवलेलं शेवाळ माजलं. ॲलन आणि ईव्ह साउथवर्ड या शास्त्रज्ञ दांपत्याने पुढे दशकभर तो किनारा चिकाटीने पाहिला. सीलच्या वसाहतीमुळे त्याच किनाऱ्यावरच्या गॉड्रेव्हीला फवारणी टाळली होती. तिथले बरेच लिंपेट तेल लागूनही तगले. जिथे भरपूर फवारलं, तिथे सावरायला दहा-पंधरा वर्षं गेली. रोग परवडला, पण औषध नको!

आता ‘फॉस्फेटमुक्त’ पावडरीचा गाजावाजा आहे. फॉस्फेट कमी झालं तर जलपर्णीचं खत कमी होईल, हे चांगलंच. पण फेस आणणारी आणि कल्ल्यांना जाचणारी रसायनं वेगळी. ती या पावडरीतही असतातच. आजची बहुतेक डिटर्जंट हवा मिळाली तर जिवाणू मोडून टाकतात. म्हणून पाकिटावरची जाहिरात वाचण्याआधी आपल्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाचा हवा सोडणारा ब्लोअर रात्री चालू असतो का, ते विचारा. तो बंद ठेवला की वीजबिल वाचतं आणि डिटर्जंट थेट तळ्याच्या वाटेला लागतं.