समुद्राला हिराकस : परवानगी कोणाची?



चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा पडतो, त्याला आपण केवडा पडला म्हणतो. कारण लोहाची कमतरता. हिराकस फवारले की पान पुन्हा हिरवे होते. हेच हिराकस समुद्रात टाकून पृथ्वीचा वाढता ताप उतरवावा, असा विचार शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

कल्पना साधी आहे. दक्षिण महासागरात नत्र, स्फुरद भरपूर, पण लोह कमी. लोह मिळाले की पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ वाढते व कार्बन वायू शोषते. ते मरून खोल तळाशी गेले, तर कार्बन दीर्घकाळ तिथेच राहतो.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर २००९ साली हा प्रयोग केला. नाव 'लोहाफेक्स'. मात्र असे मोठे प्रयोग पुरेसा शास्त्रीय आधार व नियंत्रण असल्याशिवाय करू नयेत, असे जैवविविधता करारातील देशांनी मे २००८ मध्येच ठरवले होते. त्यामुळे जहाज निघाल्यावर हरकती आल्या. जर्मन सरकारने काम थांबवले, तज्ज्ञांचे अभिप्राय मागवले आणि मगच परवानगी दिली.

सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात हिराकस सोडून ३९ दिवस निरीक्षण झाले. शेवाळ वाढले, पण तिथे सिलिका कमी, म्हणून कवचाचे जड शेवाळ आलेच नाही. जे आले त्यातले बरेचसे बारीक जीवांनी खाऊन टाकले. कार्बन फारसा खाली गेला नाही. एकाच अन्नद्रव्याने पीक येत नाही, हे आपल्याला नवीन नाही. पण चौकशी झाली, निकाल छापला गेला, म्हणून जगाला हे कळले.

याउलट २०१२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे एका मासेमार गावाच्या पैशातून सुमारे १०० टन लोहयुक्त भुकटी समुद्रात टाकली गेली. मासे वाढतील, कार्बन क्रेडिट विकून पैसे परत येतील, ही आशा. मोठा गदारोळ झाला. गावाचा सामायिक पैसा अशा कामात घालणे म्हणजे काय, हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, लंडन प्रोटोकॉल या समुद्रविषयक करारात दुरुस्ती संमत झाली : आधी तपासणी, मग परवाना, आणि तोही खऱ्या संशोधनालाच. पण पुरेशा देशांची मान्यता नसल्याने ती लागू झालेली नाही.

आपण उसाची नवी जात आधी चाचणी प्लॉटवर बघतो, मगच शिफारस करतो. फसली तर चार गुंठे जातात. समुद्राला आणि हवेला बांध नसतो. एकाने केलेले दुसऱ्याच्या शिवारात जाते. उद्या ऊन अडवण्यासाठी आकाशात कण फवारायचे प्रयोग वाढले, तर प्रश्न आपल्या पावसाचा असेल. म्हणून प्रयोगाला विरोध नको, पण परवानगी आधी, क्षेत्र लहान, तपासणी त्रयस्थाची आणि हिशेब उघडा, एवढे मागायचा हक्क शेतकऱ्याला आहे.

– ऊस विकास अधिकारी