गोळवणातला आसरा

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, सपाट गवताळ मुलखात, सात खोल्यांच्या एका घराचे अवशेष आहेत. एल क्वार्तेलेहो हे त्या ठिकाणाचं नाव. तसली घरं बांधण्याची रीत तिथली नव्हे, ती न्यू मेक्सिकोतल्या पुएब्लो लोकांची. स्पॅनिश पाद्री आणि अंमलदारांच्या जाचाला कंटाळून ताओस, पिकुरिस या गावांतली माणसं सतराव्या शतकात अपाचींच्या आश्रयाला आली.

त्याच्या आधीच्या शतकात आपल्या दारात हेच घडत होतं. 1543 मध्ये गोव्यातले साष्टी आणि बारदेश पोर्तुगीजांकडे गेले, 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं आणि 1567 मध्ये साष्टीतली देवळं सरसकट पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. नदी ओलांडली की आदिलशाही मुलूख, एवढंच ते अंतर. देवांचं हे स्थलांतर सगळ्यांना ठाऊक आहे. देवांमागून निघालेल्या माणसांचा माग मात्र आपण फारसा काढलेला नाही, आणि तो काढायचा तर मालवण तालुक्यात यावं लागतं.

कुशस्थळीचा गौडपादाचार्य मठ, म्हणजे आजचा कवळे मठ, त्याच धामधुमीत उद्ध्वस्त झाला. स्वामी काशीला गेले. पुढे परंपरा कोकणात परतली ती थेट गोव्यात नव्हे. मठाच्या इतिहासात मालवणजवळचं गोळवण आणि सावंतवाडी संस्थानातलं सोनवडे ही नावं येतात. मला हे फार मोलाचं वाटतं. सिंधुदुर्ग म्हटलं की आपण किल्ला सांगतो, आरमार सांगतो; परागंदा मठाला जागा देणारं गोळवणही त्याच तोलाचं आहे.

जाणारे केवळ हिंदू नव्हते. इन्क्विझिशनचा मुख्य रोख बाटलेल्यांवरच होता. 1736 च्या फर्मानात अंगणातली तुळस, पुरुषांचं पुडवं (धोतर), बायकांची चोळी, इतकंच काय, बिनमिठाचा भात शिजवणं हेसुद्धा गुन्हे ठरले. चुलीवरच्या भांड्यापर्यंत पोचलेल्या त्या सत्तेपुढे कित्येक ख्रिस्ती कुटुंबांनीही सावंतवाडी आणि कानडा मुलखाची वाट धरली. हिंदू घरांतली लोटलीकर, कुडतरकर, राईकर ही आडनावं आजही सुटलेलं गाव सांगतात.

नव्या गावात शिरणं सोपं नसणार. आपल्या गावऱ्हाटीत प्रत्येक घराण्याचा मान ठरलेला, कौल कोणी लावायचा, पालखीला खांदा कोणाचा, सगळं आखलेलं. त्यात उपऱ्याला शेत आणि ओटी मिळायची तर कोणीतरी सरकून बसलं असलं पाहिजे. त्या सरकून बसणाऱ्यांची नावं इतिहासात नाहीत.

कॅन्ससमधल्या पुएब्लोंना परत आणायला 1706 मध्ये स्पॅनिश सरदार हुआन दे उलिबारी फौज घेऊन गेला आणि पिकुरिसच्या माणसांना परत घेऊन आला. गोव्याच्या बाबतीत उलटं झालं, देव गेले तिथेच रुजले. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ बांधवलं, ते दिवाडीहून हललेल्या देवासाठी. पण पोर्तुगीज सरहद्दच पुढे सरकत आली. 1746 मध्ये तेरेखोल गेलं, 1763 मध्ये फोंडा, 1780 च्या दशकात डिचोली, सत्तरी आणि पेडणे. पळून आलेले देव पुन्हा त्याच सत्तेखाली आले. या वेळी मात्र नव्या मुलखातल्या देवळांना हात लावायचा नाही, असं सरकारला कबूल करावं लागलं. इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमचं उठलं. तोवर गोळवण-सोनवड्याकडे आलेल्यांच्या कित्येक पिढ्या इथल्याच मातीत वाढल्या होत्या. कुळदेवाला गोव्यात जायचं आणि शेतीला इकडे परतायचं, हा त्यांचा क्रम झाला होता.