ट्रेलरमधली पाल का चुकचुकते?

वाचकहो, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांत कॅम्पर ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करून ठेवायचे दिवस आलेले असतील. नळांतले पाणी काढायचे, गाद्या उभ्या करायच्या, वरून ताडपत्री घालायची. आपल्या मंडळींपैकी अनेकजण आता असे ट्रेलर बाळगून आहेत. काहीजण भाड्याने घेऊन यलोस्टोनला किंवा स्मोकी माउंटन्सला जातात. भारतातून आलेल्या आईवडिलांना मोटेलपेक्षा ते बरे वाटते, कारण शेगडी आपली आणि चहाही आपल्या वेळेला. या ट्रेलरमध्ये जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर एक छोटी डबी भिंतीत बसवलेली असते. तो गॅस डिटेक्टर. आजचा लेख त्याच्याविषयी आहे.

कधीतरी मध्यरात्री हा डिटेक्टर बारीक आवाजात चुकचुकू लागतो. अर्धा मिनिट शांतता, मग एक 'टिक्', पुन्हा शांतता. पाल चुकचुकली की मनात शंका यावी, असा आपल्या भाषेतला संकेत आहे. इथे मात्र बहुतेक लोक शंका न घेता फ्यूज काढतात आणि झोपतात. तसे का करू नये, हे सांगण्याआधी ही डबी काय करते ते पाहू.

ती इतक्या खाली का असते, असा प्रश्न इथे वाढलेल्या मुलांना हमखास पडतो. घरातला धुराचा अलार्म तर छतावर असतो. उत्तर शाळेतल्या रसायनशास्त्रात आहे. हवेचा सरासरी रेणुभार २९, प्रोपेनचा ४४. म्हणजे प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळती झाली की तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीवर साचतो. घरातल्या नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन, रेणुभार १६. तो वर जातो. भारतातल्या लाल सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंश सेल्सियसच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. म्हणून इथल्या थंडीत ट्रेलरवर प्रोपेनच हवा. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते.

"पण गॅसचा वास येतोच की!" असे माझ्या पिढीचे लोक म्हणतात. वास गॅसचा नसतो. तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावातल्या शाळेत नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० माणसे गेली, त्यांत बहुतेक मुले होती. त्या वायूला वास नव्हता. त्यानंतर वास मिसळण्याचे कायदे झाले. पण वासालाही मर्यादा आहेत. झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईलच असे नाही. नाक थोड्या वेळात वासाला सरावते. आणि वय वाढले की नाक मंदावते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडून हे ऐकून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. म्हणून त्याचा डिटेक्टर वेगळा असतो किंवा याच डबीत एकत्र केलेला असतो.

डिटेक्टरच्या पोटात बहुधा टिन ऑक्साइडचा एक इवलासा तापवलेला मणी असतो. जपानमधल्या नाओयोशी तागुची यांनी १९६०च्या दशकात ही युक्ती व्यवहारात आणली. मण्याच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटलेला असतो. प्रोपेन आला की तो ऑक्सिजन कमी होतो, मण्यातून वीज सहज वाहू लागते आणि भोंगा वाजतो. मणी सतत गरम ठेवायचा म्हणून वीज सतत लागते. आणि वर्षानुवर्षे तळणाच्या वाफा, केसांचे स्प्रे, सिलिकोनची पॉलिश यांनी त्याचा पृष्ठभाग खराब होत जातो. म्हणूनच या डबीला आयुष्य ठरवून दिलेले असते, बहुधा ५ ते ७ वर्षांचे. ते संपले की ती चुकचुकते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही काही कुटुंबे एका स्टेट पार्कमध्ये उतरलो होतो. पहाटे तीनला शेजारच्या ट्रेलरमधला तरुण दारात आला. "काका, तार कापायची पक्कड आहे का? हा डिटेक्टर झोपू देत नाहीये." त्याची आई नागपूरहून आलेली. गुडघ्यांमुळे तिला वरचा बंक शक्य नव्हता, म्हणून जेवणाचे टेबल पाडून केलेली खालची जागा तिला दिली होती. डिटेक्टर तिच्या उशापासून दोन हातांवर. आम्ही स्क्रू काढून डबी उलटी केली. मागे छापलेली तारीख ९ वर्षांपूर्वीची. ट्रेलर त्याने जुना घेतला होता. त्याने चाचणीचे बटण दाबले, भोंगा खणखणीत वाजला. "चालतोय की, काका!" मी म्हटले, "बटण भोंगा तपासते, नाक नाही." मग आम्ही बाहेर जाऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. भट्टी बंद राहिली, पण आईंना दोन जादा रजया मिळाल्या. सकाळी साबणाचा फेस लावून सगळे जोड तपासले, गळती नव्हती. पण पहाटे तीन वाजता हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्या डिटेक्टरलाही नाही.

तेव्हा अशी वेळ आली तर या क्रमाने जा.

पहिले, चुकचुकणे की भोंगा? भोंगा मोठा, सलग किंवा ठोक्याठोक्याने वाजत असेल, लाल दिवा लागला असेल किंवा वास येत असेल, तर शोध घेत बसू नका. दिव्याच्या बटणाला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढा. दार उघडे ठेवा, जमले तर बाहेरून व्हॉल्व्ह बंद करा आणि लांब जाऊन ९११ ला फोन करा. कुणाचे डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, हे त्यांना सांगा.

दुसरे, आवाज नक्की कोणाचा? एवढ्याशा खोलीत तो फसवतो. छतावरच्या धुराच्या अलार्मची बॅटरी संपली तरी असाच आवाज येतो. प्रत्येकाजवळ कान नेऊन मिनिटभर थांबा.

तिसरे, मागची तारीख पाहा. आयुष्य संपले असेल तर पुढचे काही तपासू नका. नवा आणा.

चौथे, व्होल्टेज. डिटेक्टर ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. रात्रभर भट्टीचा पंखा फिरला की पहाटे बॅटरी उतरते आणि नेमका तेव्हाच तो कुरकुरतो. मल्टिमीटर लावा. शिशाची बॅटरी भरलेली असेल तर सुमारे १२.६ दिसते, १२ च्या खाली गेली तर ती निम्म्याहून रिकामी आहे. कॅम्पग्राउंडची वीज जोडल्यावर आकडा १३ च्या वर गेला आणि आवाज थांबला, तर दोष बॅटरीचा. आकडा हललाच नाही, तर चार्जर किंवा त्याचा फ्यूज पाहा.

पाचवे, जाळीवरची धूळ व्हॅक्युमने हळूच काढा. स्प्रे मारू नका.

नवा डिटेक्टर बसवणे अवघड नाही: बॅटरी सोडवायची, दोन स्क्रू, दोन तारा, रंग जुळवायचे. सुरू केल्यावर मणी तापायला काही मिनिटे लागतात. चौघांच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणाइतका खर्च येतो.

आता हिवाळ्यासाठी. अशा डबीला ०.१ ॲम्पियर लागतो असे धरा. दिवसाला सुमारे अडीच ॲम्पियर-तास झाले. १०० ॲम्पियर-तासांची बॅटरी वीस दिवसांत निम्मी होते आणि वसंतात हाती मेलेली बॅटरी येते. म्हणून सिलिंडर बंद करा, बॅटरी सोडवून घरी न्या. आणि मे महिन्यात पहिल्या मुक्कामाच्या आधी ती परत जोडायची आठवण ठेवा, कारण बॅटरीवाचून डिटेक्टर मुका आहे.

शेवटी मुलांसाठी एक काम. या सुट्टीत ट्रेलरमधल्या आणि घरातल्याही प्रत्येक डिटेक्टरची मागची तारीख वाचा आणि तो कधी बदलायचा ते महिना-वर्षासह पट्टीवर लिहून दर्शनी बाजूला चिकटवा. पुढच्या उन्हाळ्यात खालच्या खाटेवर तुमची आजी झोपणार आहे.